वेडी लिली

४ मार्च
पुन्हा बुरशी! खालच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या गेल्या. काळी, केसाळ. चिमटा जाळून घेतला होता, लिलीच्या कळ्या धुतल्या होत्या — मग चुकलं कुठे?
प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "जूनपर्यंत परागापासून वाढवलेलं एक तरी रोप दाखव. नाहीतर हे काम बंद." काम बंद म्हणजे मीही घरी.

११ मार्च
वहिनीचा फोन. दादाच्या लिलीला कंदकूज लागली. ती 'वेडी' — त्याने स्वतः संकर करून केलेली, बाकीच्या थकल्या की मग फुलणारी. दुसरीकडे कुठेच नाही ती!

१३ मार्च
जाऊन आले. दादा वाफ्यात बसून कंद उकरत होता. हातात घेतला की लगदा.
"कंदाचा एखादा तरी धड खवला दे, वाढवून बघते."
त्याने मूठ उघडली. नुसती घाण. मग सगळं त्यानेच जाळलं. वहिनी आत रडत होती, तो नाही.
जरा वेळाने म्हणाला, "तू मागं कळ्या नेल्या होत्यास ना माझ्याकडून?"
नेल्या होत्या. बाटल्यांत त्यांचेच परागकोश आहेत, पराग धरणाऱ्या त्या बारीक पिशव्या. पण परागपेशीत निम्माच वारसा. उगवलं तरी ते वेगळंच काहीतरी, वेडी नव्हे. हे मलाच सांगावं लागलं त्याला!
"बरं," म्हणाला. नुसतं बरं.

२ एप्रिल
वहिनी म्हणते, "जेवत नाही गं. रिकाम्या वाफ्याला पाणी घालतो." मी काय करू?

२० एप्रिल
काही नाही. परागकोश तपकिरी पडलेत. तरी रोज बघते. बघून काय होणार!

९ मे
कोंब आले — पांढरेफटक. हिरवेपणाचा पत्ता नाही. असले जगत नाहीत. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, निदान आले तरी." तिच्या अंगावर खेकसले. मग बेसिनपाशी जाऊन रडले.

२७ मे
मागच्या बाटलीत हिरवं! खरंखुरं हिरवं. बाईंनी पाठ थोपटली. परागातूनच आलंय ना, म्हणून पानाचा तुकडा तपासणीला गेला, सोबत जुळवून बघायला मागं कळ्यांबरोबर आलेलं वेडीचं एक वाळकं पान.
दादाला कळवलं नाही. कुठल्या तोंडाने? त्याची ती नव्हेच.

८ जून
पांढरे मेले. दादाने जागा विकायला काढलीय. वहिनीने विचारलं, "मग करणार काय?" तर भिंतीकडे तोंड करून झोपला. हे तिनेच फोनवर सांगितलं.

१५ जून
निकाल आला. परागातून आलंच नाही ते! परागकोशाच्या सालीतून, म्हणजे झाडाच्याच अंगातून फुटलंय. बाईंनी कागद सरकवला.
"संपलं गं. ही नुसती मूळ झाडाची नक्कल. वाळक्या पानाशी तंतोतंत जुळतेय. टाकून दे."
मान हलवली. जिन्यापर्यंत आले आणि पायच थांबले. काय म्हणाल्या त्या?

तीच तारीख, दादाकडे जाणाऱ्या बसमध्ये
नोकरी गेली. वेडी मांडीवर आहे.