पेरूतला मोठा वाटा

अण्णा,

पुढच्या बुधवारी माझे उरलेसुरले सात दात काढायचे आहेत. दातांचा डॉक्टर तरुण आहे, हात हलका आहे, कवळी झकास बसेल म्हणतो. मी त्याला विचारलं, कवळीने पेरू खाता येईल का? तो हसला. "माताजी, चाकू से छोटे-छोटे टुकड़े करके खा लीजिएगा." तुमच्या राज्यात पेरूला चाकू लावणं हा केवढा गुन्हा होता, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! पण त्याच्या खुर्चीतून उठताना मी मनाशी एक ठरवलं आणि काल ते केलंही. तुम्हाला ते सांगायचं म्हणजे आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. साठ वर्षांहून जास्त काळ मी ती पोटात ठेवली. तुम्ही होतात तेव्हा सांगायला हवी होती, हे मलाही कळतं.

तुम्ही रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून बनारसला आलात आणि इथलेच झालात, ते नोकरीमुळे की पेरूमुळे, यावर आई तुम्हाला कायम चिडवायची. तुमचं पार्सल ऑफिस मला अजून स्वच्छ दिसतं. थंडीची सुट्टी आहे, मी आईने दिलेला डबा घेऊन आले आहे, आणि दारातच पाय थबकतात, कारण आत वास कोंडला आहे. अलाहाबादकडच्या पेरूंच्या टोकऱ्या छताला टेकतील अशा रचल्या आहेत. तुम्ही पेन कानावर ठेवून मला एका टोकरीपाशी नेता आणि म्हणता, "नाक लाव. ही कलकत्त्यापर्यंत टिकेल. आणि ही शेजारची? ही मोगलसरायलाच मान टाकेल." मला दोन्ही वास सारखेच गोड वाटतात. हळूहळू तुम्ही मला त्यांतला फरक शिकवलात. त्या टोकऱ्यांतला एकही पेरू तुम्ही कधी घरी आणला नाहीत, पण थंडीभर तुमच्या कोटाला त्यांचा वास यायचा, आणि तुम्ही झोपलात की मी खुंटीवरच्या त्या कोटात तोंड खुपसायची.

आपला पेरू रविवारचा. रामघाटावरच्या आपल्या दोन खोल्यांत थंडीत ऊन म्हणून यायचं नाही. मग तुम्ही म्हणायचात, "धूप छान पडलीय, चल," आणि आपण गल्लीगल्लीने पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसायचो. वाटेत तुम्ही एकच पेरू घ्यायचात, पण टोपलीतला प्रत्येक पेरू हुंगून. विकणारी वैतागायची, "बाबूजी, खरीदना है कि पूजा करनी है?" पायरीवर बसलं की आधी वास, मग देठापाशी दोन्ही अंगठे रोवून हळूच दोन भाग, त्यांतला मोठा वाटा माझा. बिया चावायच्या नाहीत, गिळायच्या. खाताना बोलायचं नाही. एरवी तुम्ही हसतेखेळते, देवळात गेलात तरी पुजाऱ्याची थट्टा करणारे, पण पेरू फुटला की एकदम गप्प व्हायचात. एकदा नदीकडे बघत म्हणालात, "याच मातीतून कारलं येतं आणि याच मातीतून हा येतो. कसं करते गं ही माती?" मी दहा वर्षांची होते. मला वाटलं तुम्ही खरंच मला विचारताय, म्हणून मी आठवडाभर उत्तर शोधत होते.

देशाकडचे नातेवाईक काशीयात्रेला यायचे ते आपल्याकडेच उतरायचे. काशीला आलं की एखादं फळ नाहीतर भाजी जन्मभरासाठी सोडायची, हा रिवाज सगळ्यांनाच ठाऊक. काकांनी कारलं सोडलं. आत्याने फणस सोडला, जो तिला आधीपासूनच बाधायचा. तेव्हा जेवायला बसल्या बसल्या तुम्ही तिची कशी टर उडवलीत! "गंगेला कळत नाही होय? नावडतं ते तिच्या गळ्यात बांधता आणि वर पुण्य मागता! एकदा कुणीतरी जिवापाड आवडतं सोडून बघा. मग मान वर करून बघेल ती." आईने वाढता वाढता म्हटलं, "मग तुम्ही सोडा की पेरू." तुम्ही हात जोडलेत. "आम्ही इथले रहिवासी. सोडायचं ते यात्रेकरूंनी. आणि सगळ्यांनीच सोडलं तर खायचं कुणी?" सगळे हसले. मीही हसले, पण तुमचं आधीचं वाक्य माझ्या डोक्यात तसंच बसून राहिलं.

त्याच वर्षी तुम्हाला मुदतीचा ताप आला. मी अकरा वर्षांची होते. पंधरा दिवस झाले, अठरा झाले, ताप उतरेना. तुम्ही आईला ओळखेनासे झालात. डॉक्टर दाराबाहेर उभे राहून आईशी हळू आवाजात बोलायचे, आणि ते बोलणं मला नको असूनही ऐकू यायचं. कार्तिकस्नान चालू होतं. अशाच एका पहाटे आईबरोबर मी पंचगंगेला गेले. वर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे मिणमिणत होते, पाणी बर्फासारखं होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी मनातल्या मनात म्हटलं, गंगामाई, मान वर करून बघ. मी पेरू सोडला. अण्णांना बरं कर. दुसरं काही सोडता आलं असतं. पण जिवापाड आवडतं माझ्याकडे तेवढंच होतं.

तुम्ही बरे झालात. पौषातल्या एका रविवारी, डोक्यावरचे केस गेलेले, अंगावर दोन शाली, असे माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही पायऱ्या उतरता आहात. पेरू हुंगून घेतला आहे. अंगठ्यांत जोर नाही, पेरू फुटता फुटत नाही, मला मदतही करू देत नाही. शेवटी तो फुटतो आणि तुम्ही मोठा वाटा माझ्यापुढे धरता. मी म्हणते, "मला नको." तुम्ही विचारता, "का गं?" मी म्हणते, "आता नाही आवडत." तुमचा हात तसाच राहतो. मग तुम्ही "बरं" म्हणता, दोन्ही भाग रुमालात बांधता आणि आपण घरी येतो. सांगितलं असतं तर तुम्ही मला रागावून तो पेरू तिथेच खायला लावला असता, आणि मी तो खाल्ला असता तर ताप परत आला असता. याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आईला मात्र उमगलं. तिने पेरूची कोशिंबीर केली त्या दिवशी मी ती पानात घेतली नाही. चुलीपाशी तिने हळूच विचारलं, "काही बोललीयेस का गंगेला?" मी मान डोलावली. "मग पाळ," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्या पानात कोशिंबीर वाढायची नाही, आणि तुमच्याकडे तिने कधी अवाक्षर काढलं नाही. तुम्ही दर थंडीतला पहिला पेरू माझ्यापुढे धरत राहिलात. पुढे विचारणं सोडलंत, पण फोडायचात दोनच भाग. मोठा वाटा आपल्या दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवायचात, आपला संपवायचात आणि थोडं थांबून तोही उचलायचात. मी नदीकडे बघत बसायची. तोंडाला सुटलेलं पाणी गिळताना आवाज होऊ नये म्हणून किती जपायची, ते माझं मलाच ठाऊक.

तुमच्या शेवटच्या थंडीत मी चोवीस वर्षांची होते, शाळेत शिकवायला लागले होते. एका रविवारी पेरू फोडल्यावर तुम्ही आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिलेत आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, "त्या आजारानंतर माझ्या हातचं नकोसं झालं का गं तुला? किळस येते?" अण्णा, मी बी.एस्सी. झालेली बाई, वर्गात पोरींना विज्ञान शिकवत होते. पण अकरा वर्षांची ती मुलगी आतून ओरडत होती, सांगू नकोस, सांगितलंस तर जातील. मी म्हणाले, "छे, काहीतरीच तुमचं." तुम्ही हसलात आणि नंतर रुमालाने हात पुसत राहिलात. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी न सांगताही गेलात. तुमच्या हातांची मला किळस वाटते असं समजून गेलात, आणि मी ते होऊ दिलं. याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर पेरू खाण्याचं काही कारणच उरलं नाही. तुम्ही नाही तर त्याला चव कसली येणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाहुण्यांसाठी हुंगून घ्यायची तेवढी सवय राहिली. काल गल्लीतली अमरूदवाली म्हणाली, "अम्मा, आज कौन आ रहा है?" मी म्हटलं, "कोई नहीं. मेरे लिए." तिने टोपलीच खाली ठेवली. "आप तो खाती नहीं थीं?" काशीत सोडलेलं परत घेत नाहीत हे मला माहीत आहे. पाप लागलं तर लागो, आता लागायला तरी असे किती दिवस उरलेत! काठी टेकत आपल्या पायरीवर गेले. अंगठे तुमच्यासारखेच रोवले, दोनदा रोवावे लागले. फुटला. आणि अण्णा, काय सांगू! वास आधी डोळ्यांत गेला. मग सालीलगतचा तो बारीक रवाळ थर, त्याच्या आत लोण्यासारखा मऊ गर, जिभेवर जरा आंबट, लगेच गोड, आणि घशाखाली गेल्यावर पुन्हा एकदा गोड. सात दातांनी मी खात होते आणि अंगावर काटा येत होता. एवढी वर्षं हे असंच चालू होतं. मी खात नव्हते तरी दर थंडीत, धुक्यात, कुणाच्या तरी बागेत माती हे करतच होती, कुणासाठी अडली नव्हती. तुम्ही तेव्हा गप्प का व्हायचात ते मला काल कळलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही.

लोक असली पत्रं गंगेत सोडतात म्हणे. मला तिथे आता आणखी काही सोडायचं नाही. हे वहीतच राहील. फक्त एक कबूल करते. तुमच्यावाचून तो गोड लागणार नाही असं वाटलं होतं, पण लागला, खूप लागला. आणि मोठा वाटा मी तुमच्यासाठी पायरीवर ठेवला होता. थोडा वेळ थांबले. मग तोही मीच खाल्ला.