ख प्रत म्हणजे निव्वळ स्टेपनी

३ फेब्रुवारी
आजपासून नियमित रोजनिशी. शोध लागण्याच्या दिवसांत काही नोंद असलेली बरी.
शोध असा: आमच्या टाक्यांतल्या बोटाच्या पेराएवढ्या माशांचा एक जीन मी मोडला आहे. हा जीन पिल्लांना छातीजवळचे पोहायचे पर फुटवतो. आता पिल्लं बिनपरांची निघणार, लॅबप्रमुख मॅडम थक्क होणार आणि मार्चअखेर भरायची लॅबमधली एकुलती एक पर्मनंट जागा मला मिळणार. बायको म्हणाली, आधी मिळू दे, मग पडदे बदलू.

७ फेब्रुवारी
पिल्लं जन्मली. सगळ्यांना पर.
मायक्रोस्कोप पुसला. अजूनही पर.

८ फेब्रुवारी
शेजारीण (बाजूच्या टेबलावर बसते, गेल्या वर्षी आली, त्याच जागेसाठी अर्ज केलाय, बिचारी) म्हणाली, दादा, या माशांच्या पूर्वजात कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळेच जीन डबल झाले होते ना, प्रत्येकाच्या क आणि ख अशा दोन प्रती? तुम्ही क प्रत मोडलीत, ख प्रत बघितलीत का? मी समजावलं की ख म्हणजे निव्वळ स्टेपनी, डिकीत पडून असते. ती म्हणाली, चाक काढूनही गाडी पळतेय, म्हणजे डिकीतलं चाक खाली लागलंय.
गाड्यांतलं तिला काही कळत नाही. दादा म्हणते ते मात्र आवडतं. आदर आहे.

१५ फेब्रुवारी
थिअरी बदलली. पर येतायत, म्हणजे क जीन काहीच करत नाही. निरुपयोगी जीन. हा तर जास्तच मोठा शोध.
चारशे पिल्लांचे फोटो काढले. फक्त परांचे. डोकी उगाच मध्ये येत होती, कापली. (फोटोतली.)

२१ फेब्रुवारी
पिल्लं नीट खात नाहीत. तोंडात घेतात, सोडतात. रोड झालीत. खाद्यवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, साहेब, तेच खाद्य खाऊन तुमच्या बाकीच्या टाक्या लठ्ठ झाल्यात. उद्धट माणूस. लेखी तक्रार केली.
बायको (दातांची डॉक्टर) म्हणाली, माझ्याकडे असं कोणी आलं तर मी आधी आ करायला सांगते. घरी असताना तिने कामाच्या गोष्टी काढू नयेत.

१ मार्च, सकाळी ६
संकल्प: रोज पहाटे उठून पेपर लिहिणे.

१ मार्च, सकाळी ९.४०
उद्यापासून.

९ मार्च
मीटिंगमध्ये निरुपयोगी जीन जाहीर केला. मॅडम चष्मा काढून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, अरे, जो जीन काहीच करत नाही, तो इतकी कोटी वर्षं शाबूत कसा राहिला? मी म्हटलं, नशीब. शेजारणीला खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं.

१२ मार्च
भन्नाट कल्पना. जीनचं महत्त्व कसं कळतं? तो काढायचा आणि काय कोलमडतं ते बघायचं. तर मी आठवडाभर रजेवर जातो. लॅब कोलमडेल. मॅडम त्याच दिवशी माझं नाव वर पाठवतील.
बायको म्हणाली, आणि नाही कोलमडली तर? तिला संशोधनातलं समजत नाही.

१५ मार्च
फोन शांत. इतके गांगरलेत की फोन करायचंही सुचत नाही.

१७ मार्च
शेवटी मीच केला. शेजारीण म्हणाली, दादा, सगळं मस्त चाललंय, तुम्ही निवांत राहा. आवाजात ताण. मागून मॅडमच्या हसण्याचा आवाज. ताण असह्य झाला की माणसं हसतात.
दुपारी पडदे बघून आलो. निळे पसंत केले.

२० मार्च
रुजू झालो. लॅब उभी आहे. टाक्या कधी नव्हे इतक्या स्वच्छ.
मधल्या काळात शेजारणीने ख जीन मोडला. पिल्लं बिनपरांची. मग तिने माझ्या पिल्लांची तोंडं पाहिली. जबडाच मिटत नाही. म्हणजे पूर्वी एकच जीन दोन्ही कामं करायचा. प्रती दोन झाल्यावर त्यांनी कामं वाटून घेतली. क कडे जबडा, ख कडे पर.
थोडक्यात, माझा जीन उपयोगी आहे. मी पहिल्यापासून तेच सुचवत होतो.

३१ मार्च
जागा शेजारणीला.
माझ्या कंत्राटाला तीन महिन्यांची मुदतवाढ: नवी पिल्लं वाढवायची, सगळे फोटो परत काढायचे, या वेळी डोक्यांसकट. शिवाय खाद्यवाल्याची माफी मागायची. शेजारीण म्हणाली, दादा, लागेल तेव्हा हाक मारा.
निघताना मॅडमना सहज विचारलं, दोन प्रतींनी कामं वाटून घेतली नाहीत तर काय होतं? म्हणाल्या, बहुतेक वेळा एक प्रत बिघडत बिघडत नाहीशी होते. पण घाबरू नकोस, त्याला लाखो वर्षं लागतात.
मला जूनअखेरपर्यंतची मुदत आहे.
बायकोने जुनेच पडदे धुवायला काढले.