पंख्यापुरती वीज

३ मे
दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा एक, आणि समोर कोणी नसतानाही चालणारा चिरंजीवांचा संगणक एक! पाय मोडून खाटेवर पडलेल्या झुंबरबाईला वारा हवा. त्या पेटाऱ्याला काय हवे ते त्याचे त्यालाच ठाऊक. मी तो बंद केला.

लगेच धुळ्याहून फोन. इतके दिवस आईच्या पायाची चौकशी नाही — आणि संगणक बंद होताच जीव कासावीस! प्रशील तिकडे बसून घरांचे नकाशे काढतो, पण नकाशे सारे जळगावच्या या संगणकात. म्हणून तो अखंड चालू हवा. "आबा, तुम्ही सिस्टीम ऑफ का केली?" यात मराठी किती, ते त्यानेच मोजावे.

झुंबरबाईने फोन मागून घेतला. जेवलास का, एवढेच विचारून झाले. त्याला साइटवर जायचे होते.

४ मे
झुंबरबाई सकाळपासून विचारते आहे, "पोऱ्याना फोन उना का?" सारा संसार माझ्यासोबत करूनही पिंपळनेरची बोली तिने सोडलेली नाही. नाही आला, असे सांगितले.

५ मे
पुन्हा वीज गेली, पुन्हा मी संगणक बंद केला, पुन्हा फोन. या खेपेस चिरंजीवांनी माझीच शिकवणी घेतली. पडदा आपोआप विझू द्यायचा, मात्र संगणकाला झोपू द्यायचे नाही. झोपला की धुळ्याहून उठवता येत नाही. लहानपणी तूही असाच होतास, असे मी म्हणालो. हसला नाही.

संगणकावर मराठीत लिहिलेले आहे — 'उर्जा पर्याय'! ज्यांना ऊर्जेतला ऊ दीर्घ असतो एवढेही ठाऊक नाही, त्यांनी जगाला ऊर्जा वाचवायला शिकवावी!

झुंबरबाई त्याच्याशी थोडे बोलली. मग संध्याकाळपर्यंत तेच बोलणे मला सांगत राहिली, जणू मी तिथे नव्हतोच.

७ मे
सारे जमवले. पडदा लवकर विझतो. वीजबचतीचा पर्याय निवडला. स्पीकर, प्रिंटर आणि चिरंजीवांची ती रंगीत दिव्यांची झालर यांच्या पिना काढल्या. आज वीज गेली तरी संगणक चालू राहिला आणि पंखाही अखेरपर्यंत फिरला. एवढ्याशा कामासाठी पदवी लागते असे समजणाऱ्यांची कीव येते.

११ मे
फोन नाही. का यावा? त्याचे काहीच अडत नाही.

१२ मे
झुंबरबाईने भाकरी अर्धी ठेवली. पाय दुखतो म्हणाली. पण पाहत होती संगणकाकडे. मग म्हणाली, "ते बंद पडनं का तो फोन करस. बंद करी द्या ना."

पोटच्या मुलाचा आवाज ऐकण्यासाठी बटण दाबायचे! ही लाचारी मला जमणार नाही, असे स्पष्ट सांगितले. तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

१३ मे
आज वीज गेली नाही. संगणक बंद केला. फोन तिच्या उशाशी ठेवला.