खवणेकर साहेब माझ्याच हातचं जेवतात

४ डिसेंबर १९८२, शनिवार

चार बोटं मोठी आहे. मी स्वतः मोजली. सिंधूताई नळावर गेली होती, तिच्या टेबलावर डायरी पडलेली दिसली, तशी बोटं लावून पाहिली. माझी डायरी खिशातली. तिची जाड, वरून रेशमाची दोरी. दोन्हीवर सरकारी शिक्का तोच. म्हणजे खवणेकर साहेबांनी मागच्या हिवाळ्यात मले दिली तशी तिलेही दिली. आणि मोठी दिली. काहून? समोरासमोर दारं आहेत म्हणून काय समोरासमोर डायऱ्या वाटायच्या?

मी वर्षभर एक पान लिहिलं नाही. आमदाराची भेट, खराब होईल म्हणून देवाजवळ ठेवली, हळदीकुंकू वाहिलं. आता खराबच करते. चौथी पास आहे, अक्षर वाकडं आहे, कोणाले दाखवायचं आहे?

निश्चय: सिंधूशी बोलणं बंद. परवा साहेब येतात. तोवर मिरच्या कांडून ठेवायच्या.

५ डिसेंबर, रविवार. पहाटे पाच

बोलणं बंदच आहे. फक्त विरजण मागितलं.

खवणेकरले खवणेकर साहेब कोणी केलं ते एकदा लिहूनच टाकते. अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा. कोकणातल्या समुद्राकाठच्या गावचा मास्तर, पहिल्यांदा निवडून आला. हिवाळी अधिवेशनाले नागपुरात आला तं अंगात पातळ सदरा, दात वाजून राहिलेले. आमदार निवासातल्या कोणीतरी माझ्या खानावळीचा पत्ता दिला. मी तर्रीचं मटण वाढलं. पहिल्याच घासाले ‘आई गं’ म्हणाला आणि डोळ्यांत पाणी! तेव्हापासून मले आईच्या जागी मानतो. मी चार वर्षांनी लहान आहे, पण मान तो मान.

दोन हिवाळे सभागृहात तोंड उघडलं नाही. मुंबईच्या अधिवेशनात दणकून बोले म्हणे. नागपुरात आला की पोटावर हात ठेवून बसून राहे. मी समजली, विचार करून राहिला. मग मी तिखट वाढवलं. पोटात आग नसली तं तोंडातून भाषण निघत नाही, असं आमचे बाबा म्हणत. आणि निघालं! ऐंशीच्या हिवाळ्यात, होड्यांच्या धक्क्यावर, पाऊण तास. पेपरात फोटो. त्याच हिवाळ्यापासून खानावळीत यायले सवड नाही, डबा आमदार निवासावर मागवतो.

ते भाषण माझ्या तर्रीचं आहे. सिंधूचं काय त्यात? नवरा सचिवालयात कारकून, एवढंच तिचं राजकारण.

आणखी एक. साहेब दर वर्षी मले कोकणातून आमसुलं आणतात. लाल-काळी वाळकी सालं, पुडीत बांधून. म्हणतात, बाई, आमटीत चार घालून बघा, बरं वाटेल. मी म्हटलं, साहेब, तुमची भेट मी आमटीत बुडवीन काय? एवढी हलकी बाई समजले काय? पेटीत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवली आहेत. चार हिवाळ्यांच्या चार पुड्या. सिंधूले दाखवली नाहीत, नजर लागते.

७ डिसेंबर, मंगळवार

साहेब काल आले. पाचवी पुडी नत्थूजीच्या हाती पाठवली. नत्थूजी म्हणजे आमदार निवासातला शिपाई, माझा डबा तोच नेतो. स्वतः नाही आले, कामात आहेत. पुडी शालूत ठेवली.

डबा पाठवला. चाटूनपुसून रिकामा आला, वरून घासलेला. नत्थूजीले विचारलं, साहेब काय म्हणाले? म्हणे, काय म्हणतील बाई, बोटं चाटली. म्हटलं, अजून तिखट चालेल? म्हणे, थोडं मीठ कमी करा.

नत्थूजी फार सुटला आहे. गणवेशाचं वरचं बटण लागत नाही. सरकारी नोकरी.

८ डिसेंबर, बुधवार

बातमी! मंत्रिमंडळ वाढून राहिलं आणि साहेबांचं नाव आहे, राज्यमंत्री. पान लावणारा भैय्याजी म्हणाला, गिऱ्हाईकही म्हणाले. मासे, बंदरं असं काहीतरी देतील.

मले काही नको. नोकरी नको, परवाना नको. एकच पाहिजे. लाल दिव्याची गाडी माझ्या दारासमोर थांबली पाहिजे आणि साहेब माझ्या घरात येऊन पाटावर बसले पाहिजेत. सिंधूनं खिडकीतून पाहावं. बस.

गल्लीत सांगून टाकलं: मंत्री झाल्यावर पहिलं जेवण कौशल्याबाईकडे, रविवारी. सगळ्यांनी ऐकलं. सिंधू हसली. हसण्यासारखं काय होतं?

९ डिसेंबर, गुरुवार

साहेबाले सिंधूच्या दारातून निघताना पाहिलं. दुपारी एक वाजता. जेवणाची वेळ! मी तांदूळ निवडत होती, सूप हातातून पडलं. साहेबांनी मले पाहिलं आणि रुमालानं तोंड पुसलं.

सिंधूले विचारलं. (बोलणं बंद आहे, पण हे विचारावंच लागलं.) तिचं ते गोड पुणेरी. म्हणे, अहो कौशल्याबाई, सहज आले होते. त्यांच्याकडे तिखट सोसत नाही हो, आंबटाची सवय. मी म्हटलं, पाच हिवाळे मी जेवू घालून राहिली, मले सांगू नको काय सोसतं ते! म्हणे, बरं बाई.

‘बरं बाई’ असं ती मुद्दाम म्हणते.

आजच्या डब्यात मिरची दुप्पट टाकली. प्रेम कमी पडलं असं वाटायले नको. नत्थूजीनं डबा संध्याकाळी आणला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणे, धूळ गेली.

११ डिसेंबर, शनिवार

झाले! राज्यमंत्री! आता आमदार निवास सुटलं, मंत्र्यांच्या नागभवनात मुक्काम. डबा तिथंही नत्थूजीच नेईल. माझ्यामुळे झाले असं मी कोणाले म्हणत नाही. ज्याले कळते त्याले कळते.

नत्थूजीसोबत निरोप दिला: उद्या बारा वाजता, पाट मांडला आहे. त्यानं निरोप आणला: साहेब रविवारी गल्लीत येणार आहेत. नक्की.

मटण सांगून ठेवलं. दार धुतलं. सिंधूच्या अंगणातही पाणी गेलं, त्याले मी काय करू.

१२ डिसेंबर, रविवार. दुपारी चार

गाडी आली. लाल दिवा होता. माझ्या दारासमोर थांबली, हे लिहून ठेवते. गल्ली सात हाताची आहे, म्हणजे तिच्याही दारासमोर थांबली असं कोणी म्हणेल, पण थांबली माझ्या दारासमोर.

साहेब उतरले तिकडच्या बाजूनं.

मी आरतीचं ताट घेऊन उभी. मधे गाडी. बोनेटवरूनच ओवाळलं. साहेबांनी तिकडूनच हात जोडले, म्हणाले, येतोच हं बाई, पाच मिनिटांत. गल्ली पाहून राहिली होती. कोणीतरी खोकललं.

पाऊण तास झाला. मी विरजणाचं भांडं घेऊन सिंधूकडे गेली. साहेब भात जेवत होते. वाटीत गुलाबी पातळसर काहीतरी. एक वाटी पिऊन दुसरी मागितली. डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा असा, जसा माणूस घरी पोचला.

म्हटलं, हे काय आहे वं? सिंधू म्हणे, साहेबांनीच दिलेली आमसुलं, भिजत घातली, नारळाचं दूध घातलं. मी म्हटलं, भिजवली? साहेबांची भेट तू भिजवली? साहेब ताटाकडे पाहून राहिले.

नंतर माझ्याकडे आले. खरंच आले. उभ्यानं बडीशेप खाल्ली. म्हणाले, बाई, पोट भरलं आहे, तुमचा डबा मिळतोच की रोज. पाटाकडे पाहिलंही नाही.

मटण तसंच आहे. मले भूक नाही. थकवा आहे, बाकी काही नाही.

१३ डिसेंबर, सोमवार

नत्थूजीले धरलं. खरं सांग गा, डबा कोण खाते? म्हणे, बाई, शपथ नका घालू. घातली.

म्हणे, ऐंशीच्या हिवाळ्यापासून मी. पहिल्या दोन हिवाळ्यात साहेबांचं पोट असं जळे की खुर्चीतून उठता येत नसे. डॉक्टरनं सांगितलं, हे जेवण सोडा, नाही तं राजकारण सोडा. साहेब म्हणाले, बाईंचं मन मोडायचं नाही, अन्न टाकायचं नाही. नत्थूजी, तूच खा. पण डबा घासून दे.

मी म्हटलं, आणि तुले कसं सोसलं? म्हणे, बाई, मी इथलाच माणूस आहे. तुमच्यासारखी तर्री नागपुरात नाही. घरी बायकोवर रोज ओरडतो, कौशल्याबाईसारखं कर म्हणून.

त्याच्या पोटाकडे पाहून राहिली. तीन हिवाळे मी राज्यमंत्री पोसून राहिली समजत होती, ते हे निघालं.

ऐंशीतच डबा बंद आणि ऐंशीतच भाषण. योगायोग आहे.

१४ डिसेंबर, मंगळवार

पेटी उघडली. पुड्या पाझरल्या. शालूवर हातभर लाल डाग, धुतला तं पसरला. यातही सिंधूची नजर आहे.

आमसुलं भिजत घातली. नारळ आणला. सिंधूले विचारलं नाही. फक्त मीठ कधी घालायचं ते खिडकीतून विचारलं. तिनं सांगितलं आणि वरून कोथिंबीर दिली. घेतली. कोथिंबिरीचा काय दोष?

पेटीतल्या डांबरगोळीचा वास येते थोडा. बाकी वाईट नाही. तपासायले म्हणून तीन वाट्या पेली. पोट शांत झालं. एवढं शांत पोट मले आवडत नाही, पण झालं.

१५ डिसेंबर, बुधवार

आज डब्यात फक्त ते गुलाबी पाणी आणि भात. नत्थूजीले ताकीद दिली, हा तू पिला तं पाय मोडीन. तो म्हणे, बाई, हे मी कशाले पिऊ? तोंड एवढंसं केलं.

डब्यात चिठ्ठीही ठेवली. तिची नक्कल इथं ठेवते. विधानसभेत आमदार लोक मंत्र्याले विचारतात तशी विचारली आहे, म्हणजे टाळता येणार नाही.

मा. राज्यमंत्री खवणेकर साहेब, खुलासा करतील काय: हे खरं आहे काय की तुम्ही पाच हिवाळे माझ्या तर्रीले भिऊन होते? खरं असल्यास, धक्क्यावर पाऊण तास बोलता, मले एक वाक्य काहून बोलता आलं नाही? आमटीत घाला, आमटीत घाला, हे दर वर्षी म्हणत होते ते मले आठवते. पण हळू म्हणत होते. सभागृहात म्हणता तसं म्हणायचं होतं. मोठी डायरी तिलेच काहून, हेही सांगा. आणि सोबतचं सार कसं झालं? वास डांबरगोळीचा आहे, तो पुढच्या वर्षी राहणार नाही.

शुक्रवारी अधिवेशन संपते. सतरा तारीख, दुपारी बाराच्या आत जबाब पाहिजे. लेखी नको. तोंडी, दारात येऊन. आणि गाडीतून माझ्या बाजूनं उतरून.