स्त्रीस्वातंत्र्यावरचं माझं भाषण

शनिवार, ७ जानेवारी २००६, नॉटिंगहॅम
संकल्प: मार्चमध्ये महाराष्ट्र मंडळात भाषण. विषय: लुसियाँ वार्नेल. हा दिग्दर्शक फ्रान्समध्येही कुणाला आठवत नाही. त्याच्या सिनेमांत बायका नवऱ्याला सोडून प्रियकराकडे जातात आणि तो त्यांना दोष देत नाही. हे पचवायला माझ्यासारखा पुरोगामी डॉक्टरच हवा. बायकोला, वैजयंतीला, म्हणालो, चहा आण, तुला स्त्रीस्वातंत्र्य समजावतो. म्हणाली, क्लासला चाललेय. कसला, विचारलं नाही. स्वातंत्र्य दिलंय.

रविवार, २२ जानेवारी
क्लास अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा आहे म्हणे. तिच्या मैत्रिणीकडून, रेखाकडून कळलं! वैजयंतीला म्हणालो, विचारलं असतंस तर परवानगी दिलीच असती. "परवानगी," असं दोनदा म्हणून ती हसली. विनोद कळला नाही. भाषणाचं अर्धं पान झालं. उरलेलं उद्या नक्की.

बुधवार, ८ फेब्रुवारी
हिचे फोन वाढलेत. मी खोलीत आलो की "आय विल रिंग यू बॅक, मिलिंद." संशय अजिबात नाही. फक्त माहितीसाठी रिडायल केलं. पुरुषाचा आवाज. फोन ठेवून दिला. भाषणाचं आज नको, अ‍ॅसिडिटी.

शनिवार, ४ मार्च
भाषण झालं. क्लिपमध्ये नायिका परपुरुषाच्या पलंगावर दिसताच मंडळातल्या ज्ञानेश्वरकाकांनी पोरांना समोशांकडे पिटाळलं. मी डगमगलो नाही. व्यभिचार हाही स्त्रीचा हक्क, असं ठणकावलं. वैजयंतीनं हात वर केला. "त्या नायिकेचा नवरा दिवसभर काय करत असतो?"
म्हणालो, त्याला सिनेमात महत्त्व नाही.
"हो, तसंच वाटलं," ती म्हणाली.
हॉल हसला. श्रोत्यांची पातळी!

रविवार, ५ मार्च
ठरवलं: उमदेपणानं क्षमा करायची. ब्रेकफास्टला म्हणालो, मिलिंदचं मला कळलंय.
मिलिंद म्हणे तिचा नवा मॅनेजर. साठी उलटलेला. तिला लंडनजवळ ब्रॅकनेलला नोकरी लागलीय, तिथेच खोली घेतलीय, उद्या निघणार. वीकेंडला येशील ना, विचारलं. नाही म्हणाली. कधीच नाही.
मग दुसरा कोण, मी विचारलं. असणारच. वार्नेलच्या प्रत्येक सिनेमात असतो.
"दुसरा कशाला, अतुल? एक करून बघितला ना."
क्षमेचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. म्हणायला जागाच मिळाली नाही.