सीटखालचा बोल्ट

ता. ३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार, वहिनीलाही सांग. तुमच्या दोघांच्या तब्येती ठीक आहेत असं धरून चालते. काही बिनसलं असतं तर वहिनीचा फोन केव्हाच आला असता. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला "बरं, ठेवू का?" म्हणतोस. पत्राच्या बाबतीत ती सोय नाही.

बातमी अशी की मी सायकल चालवायला लागले आहे. आधी पोटभर हसून घे, मग पुढे वाच. पस्तीस वर्षं शिलाई मशीनवर बसून माझे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोहा नाहीतर सायकल चालवा. पाण्याशी माझं जमत नाही, म्हणून सायकल. आमच्या इमारतीतली नर्स, समोरच्या ग्रंथपालबाई आणि मी, अशी तिघींची टोळी रोज सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येते. शर्यत नाही की काही नाही. गप्पा मारत जायचं, चढ आला की गप्प बसायचं. नर्सबाई मात्र चढावरही बोलतात.

सायकल ग्रंथपालबाईंच्या भाचीची, जुनी. फ्रेम चांगली आहे, बाकी एकेक गोष्ट बदलायला झाली आहे. आणि इथेच माझी फजिती सुरू झाली. सीट घ्यायला गेले तर दुकानातली सर्वांत जाड, गुबगुबीत सीट उचलली. म्हटलं, बसायचंच आहे तर गादीवर बसू. तीन दिवसांत मांड्या अशा सोलवटल्या की मशीनवर बसताना खाली उशी घ्यावी लागली. सायकलवाला म्हणाला, "काकू, सीट मऊ नको, मापाची हवी." मग त्याने एका स्टुलावर पुठ्ठा ठेवला, मला मिनिटभर त्यावर बसवलं आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. उठले तर पुठ्ठ्यावर दोन खळगे. त्यांच्यामधलं अंतर त्याने माझ्याच टेपने मोजलं. अख्ख्या गावाची मापं घेतली मी, पण माझं माप कुणी घेतलं ते हे पहिलंच, आणि तेही कुठलं!

कपड्यांची कथा याहून वाईट आहे. बाजारातल्या त्या घट्ट पँटी बघून मला लाज वाटली. म्हटलं, दर्जिणीने पँट विकत घ्यायची म्हणजे काय, आपणच शिवू. चांगली मांजरपाटासारखी दणकट सुती पँट शिवली. आत स्पंज घातला. आसनाला दुहेरी शिवण मारली, का तर उसवायला नको. दादा, चारही शिवणी जिथे एकत्र येतात तिथेच माणूस सायकलवर बसतो, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तळ्यापर्यंत जाऊन मी सायकल हातात धरून चालत परत आले. घामाने सुती कापड चिकटलं, स्पंजाने पाणी प्यायल्यासारखा घाम प्यायला, आणि उजव्या पायाचा खालचा काठ साखळीत जाऊन काळा झाला तो वेगळाच. गिऱ्हाइकांना मी जन्मभर सांगत आले की कपडा आतून बघा, आणि स्वतःच्या वेळी विसरले.

तेव्हा तुला विचारायचं आहे. हँडल सरळ घेऊ की थोडं वर आलेलं? गिअर एकच पुरे की सात असावेत? टायर किती रुंद? उस्तादने तुला त्याच्या सायकलच्या दुकानातून काढलं त्यानंतर सायकलीच्या कामाला तू हात लावलेला नाहीस, ते ठाऊक आहे. हात लावूच नकोस. नुसतं सांग. या बाबतीत तुझ्याइतकं डोकं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

वहिनीला म्हणावं, दाराची कडी तू अजून तीन तीनदा तपासतोस का ते कळव.

तुझी,
धाकटी


ता. १९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण अक्षर अजून तिकीट खिडकीवर बसल्यासारखं स्वच्छ.

आधी माझी प्रगती ऐक. पँट सुधारली. ताणलं जाणारं, घाम लवकर वाळणारं कापड आणलं, आसनाला शिवणीऐवजी एक लांबट कळी बसवली, शिवणी सगळ्या बाजूला सरकवल्या. पाय खाली निमुळते केले. वरून गुडघ्यापर्यंतचा सैल टॉप, म्हणजे लाजही राहिली. ग्रंथपालबाईंनी लगेच स्वतःसाठी दोन सांगितल्या, नर्सबाईंना खिसा हवा आहे. हँडल वर आलेलंच घेतलं, कारण खाली वाकून मशीनवर बसते तेवढं पुरे. गिअर सात. पॅडल रुंद आणि खरबरीत. सीट मापाची, मधून खाच असलेली.

मी लांबण लावते आहे, ते मलाही दिसतं आहे.

तू लिहिलंस, "सायकलवाल्यालाच विचार. माझ्या हातून एक माणूस पडला तेवढं पुरे. दुसऱ्याच्या सायकलीबद्दल मी बोलू नये, तुझ्या तर मुळीच नाही." हे वाचून मी पत्र पालथं ठेवलं आणि एका ब्लाउजला चुकीची बाही लावली.

गेल्या आठवड्यात सायकलवाला मला जुनी सीट खाली-वर करायला शिकवत होता. म्हणाला, हलवण्याआधी जुन्या उंचीवर चिकटपट्टी लावायची. बोल्ट आवळून झाला की सीट दोन्ही हातांनी पिळून बघायची. तसूभर जरी फिरली तरी आवळलेली नाही असं समजायचं. मी पाना हातात धरला आणि तशीच उभी राहिले. त्याला वाटलं, काकूंना जोर पुरत नाही. त्याने स्वतःच आवळून दिला.

दादा, हेडमास्तरांच्या सायकलची सीट तू सैल ठेवली नव्हतीस.

त्या दिवशी दुपारी तू दुरुस्त केलेली ती सायकल घरी आणली होतीस, जेवून संध्याकाळी दुकानात न्यायची म्हणून. किती चकाकत होती. तू जेवून आडवा झालास. मी अकरा वर्षांची होते, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना शिकवलंस तरी मला "पडशील" म्हणून शिकवत नव्हतास. तुझ्या पिशवीतून पाना काढला. पाय पोचत नव्हते म्हणून सीट खाली केली. मागच्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. पडले नाही, हे मुद्दाम सांगते. दाराशी आले तर आतून तुझ्या खोकण्याचा आवाज. घाईघाईने सीट अंदाजाने वर ओढली, बोल्ट बोटांनी फिरवला आणि पाना पिशवीत टाकला.

संध्याकाळी दुकानासमोर हेडमास्तर बसले, सीट गर्रकन फिरली आणि त्यांचं मनगट मोडलं. सगळ्यांसमोर उस्ताद तुला म्हणाला, "तुझ्या हाताचा भरवसा नाही." तू घरी येऊन आईला म्हणालास, मी आवळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालास, आवळला असेन. आणि आठवड्याने म्हणालास, विसरलोच असणार. मी तिन्ही वेळा तिथेच होते. दाराआड नव्हते, तुझ्या शेजारी बसून जेवत होते.

आधी बाबांच्या माराची भीती होती. मग तू तिकीट खिडकीवर लागलास, घरात सगळे खूश झाले, तेव्हा वाटलं आता कशाला उकरायचं. मग ती गोष्ट घरातला विनोदच झाली. तू कडी तपासायला उठलास की मीच सगळ्यात आधी हसायचे. गेल्या पत्रातही हसलेच की. शेहेचाळीस वर्षं तू स्वतःच्या हातांवर पहारा ठेवलास आणि मी त्यावर विनोद केले. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला माफ कर.

तुझा हात किती घट्ट होता ते मला माहीत आहे, कारण तू आवळलेला तो बोल्ट सोडवायला मला पान्यावर उभं राहावं लागलं होतं. दोन्ही पायांनी. हे जगात फक्त मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही.

आता विनंती. हँडल, पॅडल, सीट, नवे टायर, सगळं खोक्यात तसंच आहे. सायकलवाला अर्ध्या तासात बसवून द्यायला तयार आहे. मी त्याला म्हटलं, थांबा, माझा भाऊ बसवणार आहे. तू सांगितलं नसतानाच म्हटलं. रागावून आलास तरी ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, वहिनीशी मी बोलेन, तू काम कर. नाहीच आलास तर मी चालत तळ्यापर्यंत जाईन, पण दुसऱ्याच्या हाताने तो बोल्ट आवळून घेणार नाही.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव. कडीवरून तीही हसत आली आहे. माझ्यासारखं तिलाही आता थांबता येईल.

जिने तो बोल्ट सैल ठेवला ती,
तुझी बहीण