वल्ही घरी नेली

मारुंजी, ता. १४ जुलै १९५७

ती. गं. भा. आजीस कौशल्येचा शि. सा. न.

पवना फुगलीय असं इथं कळलं. शिफ्टसाठी ह्यांना तुझ्याकडं ठेवलं खरं, पण रोज नावेतून पलीकडं कंपनीत जातात म्हणून जीव थाऱ्यावर नाही. आणखी एक खाडा झाला तर कामावरून काढतील म्हणतात. भैरूमामाला सांग, नावेत माणसं कमी घे. सासूबाई हसतात, नावाड्याची भाची नि पाण्याला भिते. माया आहे तशी राहू दे.

तुझी कौशल्या

थेरगाव, ता. १६ जुलै

चि. सौ. कौशल्येस रुक्मिणीआजीचा आशीर्वाद.

सासूला म्हणावं, नावाड्याची माणसंच पाण्याला भितात, बाकीचे नुसते पाय धुतात.

तुझा मामा बापाची रीत सोडीत न्हाई. सुगीला गावाचं धान्य घेतो, म्हणून गावच्या माणसानं नावेत पाय ठेवला की त्याला उतर म्हणायचं न्हाई. पूर्वी बाजाराला चार जण जायचे. आता कंपनीच्या भोंग्याआधी निम्मं गाव चढतंय. काल नावेचा काठ पाण्याला टेकला. भैरूला बोलले, तर म्हणतो, आये, कुणाला उतरवू, तुझ्या नातजावयाला?

वर घाटाकडं पाऊस हाय. ज्योतीराम जेवून निजलाय. माणूस बरा, पण घोरतो किती. तुला झोप कशी लागते? लोभ ठेव.

आजी

थेरगाव, ता. १८ जुलै

चि. सौ. कौशल्येस आशीर्वाद.

दुसऱ्याकडून कळायच्या आत लिहिते. काल सकाळी नाव ठासून भरली. ज्योतीराम सगळ्यांच्या पुढं. पाणी देवळाच्या पायरीला लागलेलं. भैरू पुन्हा पुन्हा माणसं मोजत होता, पण तोंडातून उतरा निघंना. मी काठावरची दोन्ही वल्ही उचलली, घरी आणली, चुलीपाशी टाकली नि त्यांच्यावर बसले. लोकांनी दारात येऊन शिव्या दिल्या. ज्योतीराम पाया पडला, नोकरी जाईल म्हणाला. जाऊ दे म्हटलं. पलीकडं भोंगा झाला तसा उठून उंबऱ्यावर बसला.

दुपारी पाणी उतरलं. म्हातारीला चळ लागला म्हणून गाव हसतंय. नाव बुडाली असती का, मला ठाऊक न्हाई. कंपनीनं त्याला कामावरून काढलं. तो तुझ्याकडं निघालाय. रागावलीस तरी पत्र टाक.

आजी

मारुंजी, ता. २१ जुलै

ती. गं. भा. आजीस शि. सा. न.

हे आले. तुझ्या आजीनं माझी भाकरी चुलीत घातली, एवढंच म्हणाले. तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून बसतात. सासूबाई उठता-बसता तुझा उद्धार करतात. आजी, एकदा माफी मागशील का? माझ्यासाठी तरी. लोभ असावा.

कौशल्या

थेरगाव, ता. २३ जुलै

चि. सौ. कौशल्येस आशीर्वाद.

माफी मागणार न्हाई. उद्या पाणी चढलं तर पुन्हा वल्ही उचलीन. काल भैरूनं पहिल्यांदा एकाला उतर म्हटलं. त्यानं यंदा धान्य देणार न्हाई म्हणून सुनावलं. भैरू घरी आला, पोटभर जेवला.

ज्योतीराम भिंतीकडं बघतो म्हणतेस. बघू दे. घरात बसलाय ना? ताट वाढ.

तुझी आजी